गाडीच्या केबिनमध्ये सायलेन्सरचा धूर: आधी मोजा, मग गळती, मग भोकं

गाडीत धुराचा वास येतो म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला आहे: सायलेन्सर बदला. बदलूनही वास राहिला की दाराची रबरं बदला. तरीही राहिला की आरशाला लिंबाच्या वासाची बाटली टांगा आणि विषय मिटवा. पैसे गेलेले असतात, धूर आहे तिथेच असतो. बहुतेक वेळा टाकलेलं सामान बरोबर असतं, कामाचा क्रम चुकलेला असतो.

धूर आत यायला तीन गोष्टी जमून याव्या लागतात. मॅनिफोल्डपासून (इंजिनातून निघणारा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) सायलेन्सरच्या टोकापर्यंत कुठेतरी गळती, किंवा ते टोकच चुकीच्या जागी. पत्र्यात किंवा रबरात भोक. आणि त्या भोकातून हवा आत ओढणारी ओढ. तिन्हींपैकी एक जरी बंद केली तरी वास कमी होतो, आणि मिस्त्रीला वाटतं काम झालं. आठ दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. म्हणून तिन्ही, आणि खाली दिलेल्या क्रमानेच.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजीच्या व्हॅन, जुन्या डिझेल जीप, आणि मागे ताडपत्रीचा हूड टाकलेले पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मराठवाड्यात पुष्कळ माणसं यांतूनच फिरतात.

गाडीच्या आधी माणूस

आपल्याकडे गाडीत कुणाला उलटी झाली की सरळ "गाडी लागली" म्हणतात. लिंबू हुंगायला देतात, ओवा चघळायला देतात, खिडकीशी बसवतात. नवरात्रात तुळजापूरहून आलेली एक व्हॅन माझ्याकडे अशीच आली होती. मागच्या दोन्ही लेकरांना येता-जाता उलट्या, डोकं धरलेलं, आजीला गुंगी. पुढे बसलेल्या दोघांना काहीच नाही. गाडीवाला आला होता वेगळ्याच कामाला, "मिस्तरी, एसीला जरा वास येतोय." सामान जास्त झालं म्हणून डिकीचं दार दोरीने अर्धवट उघडं बांधलेलं, आणि खाली सायलेन्सरची शेपटी कधीतरी तुटून पडलेली, तोंड मागच्या सीटच्या बरोबर खाली. मागे कार्बन मोनॉक्साइडचा मीटर धरला तर आकडा तीन अंकी झाला.

धुरातल्या या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, रंग नाही, वास नाही. वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला, असं धरून चालू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, झोप येणं ही त्याची सुरुवात. गाडी लागलेल्याची आणि धूर लागलेल्याची लक्षणं सारखीच दिसतात, पण फरक करायला एक खूण आहे: गाडी लागते ती एखाद-दुसऱ्याला, धूर लागला की एकाच बाकावरच्या सगळ्यांचं डोकं दुखतं.

असं दिसलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून मोकळ्या हवेत न्या. कुणी सुस्त पडत असेल तर १०८ ला फोन लावा. दवाखान्यात "उलट्या होतायत" एवढंच सांगू नका, "गाडीच्या धुरात होतो" हे सांगा, म्हणजे रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायचं डॉक्टरांच्या लक्षात येईल. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, माणूस गुंगीत असला तरी तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा-दीड तास. म्हणून "थोडी हवा खाऊ द्या, मग निघू" हा उपाय नाही.

टप्पा १: तयारी

पहिलं सामान मीटर. कार्बन मोनॉक्साइडचा डिजिटल मीटर घ्या, ज्याच्या पडद्यावर पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) आकडा शून्यापासून पुढे दिसतो. इथे बरेच जण चुकतात: घरात भिंतीला लावायचा अलार्म आणतात. तसले अलार्म मुद्दाम उशिरा वाजतील असे बनवलेले असतात. ७० पीपीएमला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ गेल्यावर ते ओरडतात, आणि ३० च्या खाली बहुधा गप्पच. गाडीत तेवढा वेळ थांबायचं कशाला? पाकिटावर सेन्सरची मुदतही बघा, हे सेन्सर काही वर्षांत मरतात आणि मेलेला मीटर छान शून्य दाखवतो.

मीटर उघड्या मैदानात, रस्त्यापासून लांब चालू करा. शून्य किंवा त्याच्या आसपास आला पाहिजे. सेंट, स्पिरिट, थिनर यांच्याजवळ ठेवू नका. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळही नको. बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनने हा सेन्सर फसतो. ज्या व्हॅनमध्ये बॅटरी सीटखाली असते तिथे खोटा आकडा यायचं हे एक कारण.

बाकी सामान घरचंच. टॉर्च, खडू, साबणाचं पाणी भरलेली फवारणीची बाटली, जुनं सुती लुगडं, चामड्याचे हातमोजे, एक हातभर लोकरीचा धागा, वही-पेन. खाली शिरायचं असेल तर जॅकबरोबर घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) हवीच, आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणत शिरणारे जास्त असतात.

*थांबा:* यातलं इंजिन चालू ठेवून करायचं प्रत्येक काम मोकळ्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये नाही, शटर अर्धं वर असलेल्या गाळ्यात नाही, गोठ्यात तर नाहीच. धूर शोधता शोधता मिस्त्रीच आडवा व्हायचा.

टप्पा २: गाडी काय सांगते ते लिहून काढा

पाना हातात घ्यायच्या आधी गाडी चालवणाऱ्याला बसवून विचारा. वास कधी येतो? उभ्या गाडीत की पळत्या? घाट चढताना की उतारावर पाय सोडल्यावर? पंखा चालू केल्यावर? मागची काच खाली घेतल्यावर? पुढे की मागे? सकाळी पहिल्या दहा मिनिटांत की दिवसभर? उत्तरं वहीत लिहा, कारण पुढे तीच कामाला येतात आणि काम सुरू झालं की कुणालाच आठवत नाहीत.

मग वास नेमका कशाचा ते ठरवा. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकत असेल तर तळणातल्या जळक्या तेलासारखा वास येतो. गोडसर वास आला की कूलंट. घाटात क्लच घासला तर कपडा जळल्यासारखा. डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो. सीएनजीच्या धुराला मात्र वास इतका कमी की लोक बिनधास्त राहतात, आणि गॅसचं मिश्रण बिघडलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड तिथेही भरपूर निघतो.

डिझेलवाल्यांनी "आपल्यात तो वायू कमी असतो" म्हणून सुटू नये. कमी असतो हे खरं, पण डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. शिवाय डिझेल गाडीत मीटर कमी दाखवेल, तिथे काजळी आणि नाक यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

आणि पीयूसीचा कागद पुढे करू नका. बीएस-४, बीएस-६ (धुराचे सरकारी मापदंड) च्या पेट्रोल मोटारीला उभ्या इंजिनावर ०.३ टक्क्यापर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. ०.३ टक्के म्हणजे ३,००० पीपीएम. मागच्या टोकातून हवेत गेला तर ठीक, तोच सीटखाली फुटला तर पीयूसी पास असून उपयोग काय?

टप्पा ३: दुरुस्तीच्या आधीचा आकडा

हा टप्पा सगळे गाळतात. आधीचा आकडा नसेल तर नंतर काय सुधारलं ते कळणार कसं?

मोजणी सकाळी, रस्ता रिकामा असताना करा. भरल्या हायवेवर पुढच्या ट्रकचा धूर तुमच्या वहीत शिरतो. दोन माणसं हवीत: एक चालवणार, दुसरा मीटर धरून लिहिणार. चालवणाऱ्याने मीटरकडे बघायचं नाही. मीटर नाकाच्या उंचीवर धरा, आधी पुढे, मग मागच्या बाकावर. प्रत्येक वेळी आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं द्या, आणि दोन मोजण्यांच्या मध्ये सगळी दारं उघडून गाडी हवेशीर करा.

क्रम असा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट मारून, काचा बंद, पंखा बंद, पाच मिनिटं. मग पंखा पूर्ण, बाहेरची हवा आत घेणाऱ्या बटणावर. मग पंखा तसाच, पण आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर. नंतर रस्त्यावर ४० आणि ६० च्या वेगाने, काचा बंद. मग फक्त मागच्या काचा खाली. शेवटी थोडा चढ. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आहेच. ज्यांच्याकडे घाट नाही त्यांनी गाडीत माणसं भरून तिसऱ्या गिअरमध्ये ओढावी.

गार इंजिनाची मोजणी टाळू नका. पेट्रोल गाडी थंड असताना मिश्रण दाट असतं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो, तेव्हा हा वायू सगळ्यात जास्त निघतो. परभणीकडच्या डिसेंबरातल्या थंडीत काचा बंद करून स्टार्ट मारणारे नेमके हीच दहा मिनिटं आत बसून काढतात.

आकडे वाचायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा पीपीएममध्ये धरल्या तर आठ तासांना साधारण ९, एका तासाला ३० आणि १५ मिनिटांना ८७ अशा येतात. मी त्यावरून माझा साधा नियम केला आहे: ९ च्या वर टिकून राहिला की गळती शोधायची, ३० च्या वर गेला की दुरुस्ती होईपर्यंत सवारी भरायची नाही, १०० दिसला की मोजणीही तिथेच थांबवायची, काचा उघडायच्या, उतरायचं.

आता वही वाचा. पंखा बाहेरच्या हवेवर लावताच आकडा चढला तर गळती बोनेटखाली आहे, कारण पंख्याची हवा पुढच्या काचेच्या खालून येते आणि बोनेटमधला धूर तिथेच जमतो. मागच्या काचा किंवा डिकी उघडल्यावर चढला तर मागच्या टोकाचा धूर परत फिरून येतोय. चढावर, इंजिनवर जोर आल्यावरच चढला तर मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा फ्लँज (नटांनी आवळलेला पाइपचा जोड). पळताना काहीच नाही आणि उभी राहिल्यावर हळूहळू वाढतो, तर फरशीखालची गळती. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

टप्पा ४: गळती शोधा, इंजिन गार असतानाच

गरम गाडी बघून "काही नाही" म्हणणं, ही मिस्त्री लोकांची आवडती चूक. माझीही होती. लोखंड तापलं की फुगतं, बारीक फट आपोआप मिटते. गार इंजिनाला स्टार्ट मारल्यावर पहिल्या मिनिटात टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि गाडी तापली की जातो. लोक त्याला टॅपेटचा आवाज समजून टॅपेट सेट करत बसतात. तो पुष्कळदा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून सुटणारा धूर असतो.

पुढून मागे जा, मधलं काही सोडू नका. मॅनिफोल्डचे स्टड आणि नट, एखादा तुटलेला किंवा गायब आहे का. पॅकिंगच्या कडेला काजळीची रेघ. खालच्या पाइपशी जोड असलेला फ्लँज. लवचीक जाळीचा पाइप, ज्याची जाळी वरून चांगली दिसते आणि आत फाटलेली असते. ऑक्सिजन सेन्सरचा आटा. सायलेन्सरच्या डब्याची शिवण. टांगायची रबरं, कारण एक रबर तुटलं की सगळी लाइन लोंबते आणि पुढच्या जोडावर ताण येतो. टर्बो असेल तर त्याचे दोन्ही जोड. प्रत्येक संशयाच्या जागी खडूने खूण करा.

दिसत नसेल तर साबण. इंजिन बंद आणि गार. हवा मारायच्या ब्लोअरचं तोंड सायलेन्सरच्या मागच्या नळीला लावा, भोवती लुगड्याचा पिळा गुंडाळा आणि हळू हवा सोडा. कॉम्प्रेसरची नळी सरळ आत कोंबू नका, तेवढ्या दाबाची गरज नाही. मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारत जा. बुडबुडे आले तिथे खूण. थोडे बुडबुडे सायलेन्सरच्या पाणी गळायच्या बारीक छिद्रातून येतात, ते छिद्र बनवतानाच ठेवलेलं असतं. ते बुजवून मोठं काम केल्यासारखं वाटून घेऊ नका.

दोन जागा हमखास राहतात. पहिली, जुन्या डिझेल इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली (क्रँककेसमधली) वाफ बाहेर सोडणारी नळी. पिस्टनच्या रिंग झिजल्या की क्रँककेसमधला धूर त्या नळीतून भसाभसा निघतो, नळी निसटलेली असली की बोनेटखाली कोंडतो आणि पंख्यातून थेट तोंडावर येतो. सायलेन्सर कितीही नवा टाका, हा वास जात नाही. दुसरी जागा म्हणजे सायलेन्सरचं टोक. खड्ड्यात तुटलं म्हणून कापून टाकलं, आवाज दमदार यावा म्हणून आखूड केलं, बंपर बदलला आणि टोक आत राहिलं. टोक गाडीच्या पत्र्याच्या बाहेर आलंच पाहिजे. आतच संपत असेल तर गळती शोधायची गरज नाही, अख्खी नळीच गळती आहे.

*तपासा:* खडूच्या खुणा आणि टप्पा ३ ची वही जुळतात का? वहीत "पंखा लावल्यावर वाढतो" असेल आणि खुणा सगळ्या मागे असतील, तर बोनेटखालची गळती अजून सापडलेली नाही. पुन्हा बघा.

टप्पा ५: गळती बंद करा

मॅनिफोल्डवर एपॉक्सीची लांबी (पुटी) लावू नका. मी लावली आहे, सुरुवातीच्या दिवसांत, अगदी मन लावून. आठव्या दिवशी बिस्किटासारखी सुटून आली, आणि तोवर गिऱ्हाईक काचा बंद करून निर्धास्त फिरत होतं. काचा उघड्या ठेवून फिरणाऱ्या माणसापेक्षा ते वाईट झालं. साधं सिलिकॉनही तिथे टिकत नाही.

स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी थोडं आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला. घाईत स्टड तुटला तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडा, मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरून वाकलं आहे का बघा. वाकलेल्या तोंडावर दोन पॅकिंग लावायचा जुगाड करू नका, तोंड घासून सपाट करून आणा. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकदा गाडी पूर्ण तापवून पूर्ण गार झाली की पुन्हा एकदा पाना लावा. ही शेवटची फेरी न झाल्यानेच नवं पॅकिंग महिन्यात फुंकतं.

पाइप जोडताना पाण्याची जीआय नळी वापरू नका. गावाकडे वेल्डिंगवाल्याकडे तीच पडलेली असते, मापात बसते, म्हणून लावून देतात. तिच्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं आणि त्या धुराने वेल्डिंगवाल्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. साधा काळा किंवा स्टीलचा पाइप घ्या.

*थांबा:* गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, वरचं कार्पेट काढा, इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते आधी बघा, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू ठेवा. सीएनजी गाडीला वेल्डिंग लागणार असेल तर पाइप काढून बाहेर नेऊन जोडा. गाडीवर नाही.

टोक आखूड असेल तर पत्र्याच्या बाहेर किमान चार बोटं काढा. मागचा पत्रा जिथे वळतो तिथे धूर अडकणार नाही असं, आणि कुणाच्या पायाला लागणार नाही असं.

टप्पा ६: भोकं

गळती बंद झाल्यावरच इकडे या. आधी भोकं बुजवली तर वास कमी होतो आणि गळती तशीच राहते, हळूहळू वाढत.

मराठवाड्यातल्या गाडीत भोक शोधायला धुळीसारखं साधन नाही. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर गाडी दोन-चार किलोमीटर पळवा, मग डिकीचं दार उघडून आतल्या कडा बघा. जिथे धुळीचा पंखा पसरल्यासारखा दिसतो तिथून हवा आत येते, आणि धूळ येते तिथून धूरही येतो. गाडी धुऊन मिस्त्रीकडे नेऊ नका, हा सगळा पुरावा धुतला जातो.

पुढच्या बाजूचं रात्री बघा. एक जण आत घोंगडी पांघरून बसेल, दुसरा बोनेटमधून आणि खालून टॉर्च फिरवेल. उजेडाची रेघ दिसली की खडू. बहुतेक वेळा सापडतात त्या जागा: स्टिअरिंगचा दांडा पत्र्यातून जातो तिथलं रबर, पेडलांची भोकं, वायरिंगचा जुडगा, गिअरच्या दांड्याची फाटलेली टोपी, हँडब्रेकची केबल, फरशीतली पाणी जायची बुचं, सीटच्या नटांची रिकामी भोकं, मागच्या दिव्यांची पॅकिंग. म्युझिक सिस्टिम किंवा जादा हॉर्न बसवणाऱ्याने पाडलेलं आणि तसंच सोडलेलं भोक हे हमखास.

इंजिन सीटखाली असलेल्या व्हॅनमध्ये इंजिनावरच्या झाकणाचं रबर बघितल्याशिवाय बाकी काही बघू नका. ते रबर चपटं झालेलं असतं, किंवा प्लग बदलताना कुणीतरी झाकणाच्या क्लिपा अर्ध्याच लावलेल्या असतात. झाकणावर खडूची पूड लावून ते बंद करा, उघडा. रबरावर खडूची रेघ जिथे तुटलेली दिसेल तिथे ते टेकतच नाही.

बुजवायचं कशाने? वायर आणि केबलला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी). मोठ्या भोकाला पत्र्याचा तुकडा, खाली सीलंट, वरून रिव्हेट. इंजिनच्या बाजूला उष्णता सोसणारंच सीलंट. गोणपाट, थर्माकोल, फुगणारा फोम कोंबू नका. इंजिनाजवळ ते पेटतं, आणि गोणपाटाने धूर अडत नाही, फक्त उंदराला घर होतं. फरशीतली पाणी जायची बुचं मात्र कायमची सीलबंद करू नका, नवी रबरी बुचं बसवा. नाहीतर पावसाळ्यात कार्पेटखाली डबकं आणि दोन वर्षांत फरशी गंजून नवं भोक.

टप्पा ७: ओढ

पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. मागच्या चौकोनी तोंडापाशी हवा वळून परत गाडीकडे येते आणि सायलेन्सरचा धूर बरोबर आणते. डिकी उघडी असेल तर तो सरळ आत. पिकअपच्या मागे ताडपत्रीचा हूड टाकून माणसं बसवली, पुढून बंद आणि मागून उघडा, तर तो हूड धूर ओढणारी पिशवीच होते. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं अशीच रात्रभर प्रवास करतात, लेकरं सगळ्यात मागे झोपलेली. मालाच्या गाडीत माणसं नेऊ नयेत हे खरंच. पण ती नेली जातात, म्हणून सांगतो: हूडची पुढची बाजू वर थोडी उघडी ठेवा, म्हणजे हवा पुढून शिरून मागे निघेल.

बंद गाडीत नियम एकच. मागचं उघडायचं असेल तर पुढचं आधी उघडा. नुसती मागची काच किंवा नुसती डिकी कधीच नाही. लोकरीचा धागा इथे उपयोगी पडतो. मागच्या काचेच्या फटीपाशी धरा, गाडी ४० ने चालू द्या. धागा आत वळला तर हवा आत येते आहे. मग पुढची काच चार बोटं खाली घ्या, पंखा बाहेरच्या हवेवर लावा, धागा बाहेर वळतो का बघा.

आतलीच हवा फिरवायचं बटण धुळीसाठी आणि पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तेव्हासाठी आहे. उन्हाळ्यात एसी गार लागावा म्हणून लोक ते महिनोन् महिने दाबून ठेवतात, मग आत शिरलेला धूर बाहेर जायला वाटच उरत नाही.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रात्रभराची रांग असते, तिथे तुमचा सायलेन्सर धडधाकट असून भागत नाही. शेजारच्या ट्रॅक्टरचा धूर तुमच्या खिडकीच्या उंचीवर असतो.

टप्पा ८: त्याच रस्त्यावर पुन्हा

टप्पा ३ ची मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा. तोच रस्ता, तीच वेळ, रात्रभर गार झालेली गाडी, तेच दोघे जण. काम संपल्या संपल्या संध्याकाळी गरम गाडीत मीटर फिरवून "शून्य आला, घेऊन जा" म्हणू नका. रबर आणि सीलंट नवं असताना त्यांचाही वास येतो आणि नाक फसतं, म्हणून शक्य असेल तर एक दिवस मध्ये जाऊ द्या.

नवा आकडा जुन्या आकड्याच्या शेजारी लिहा. सगळ्या रकान्यांत उतरला आणि एकाच रकान्यात उतरला नाही, तर त्या रकान्याची वाट अजून उघडी आहे: पंख्याचा असेल तर बोनेट, मागच्या काचांचा असेल तर टोक. पुन्हा सगळं खोलायची गरज नाही, तेवढीच वाट बघा.

५०० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट आणि टांगायची रबरं पुन्हा बघा. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला, आणि खड्ड्यात खालून "खट्" असा मोठा आवाज आला की त्याच दिवशी.

मीटर गाडीत कायम ठेवायचा असेल तर डॅशबोर्डवर चिकटवू नका. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीची काच बंद असली की आतली उष्णता सेन्सरला सोसत नाही, तो बिघडतो आणि बिघडलेलं दिसत नाही. दोन सीटच्या मध्ये, सावलीत ठेवा. गाडी उन्हात लावून जाताना मोबाइलबरोबर तोही खिशात घालून न्या.